कालव्यावरचा जर्मनीवाला

पाण्याची पातळी दाखवणारं गेज दोनदा वाचून झालं की रहांगडाले दहा पावलं मागं जात, कालव्याच्या वाहत्या पाण्याकडे थोडा वेळ बघत उभे राहत, आणि परत येऊन तिसऱ्यांदा वाचत. मगच खिशातली वही बाहेर निघे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, दोनदा वाचल्यावर तिसऱ्यांदा कशाला? ते म्हणाले, "पयल्या खेपेले डोरा पायते साहेब, दुसऱ्या खेपेले सवय पायते. तिसऱ्या खेपेले मी पायतो."

इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या एका लहानशा शाखेत मी शाखा अभियंता म्हणून गेलो, तेव्हा माझं वय तिशीच्या आत होतं. मी वर्ध्याचा. विदर्भातलाच असूनही इथली झाडीबोली पहिले दोन महिने मला अर्धीच कळायची; 'डोरा' म्हणजे डोळा, हेही विचारावं लागलं होतं. वसाहतीत चाळीसेक क्वार्टर होते. धरण बांधलं तेव्हा ते भरलेले असायचे, असं जुने लोक सांगत. मी गेलो तेव्हा सहा क्वार्टरांत दिवा लागायचा. बाकीच्यांची दारं गेलेली, आत बेशरमाची झाडं छपरापर्यंत वाढलेली. अशा दोन ओसाड क्वार्टरांच्या मधल्या खोलीत हेमराज रहांगडाले राहायचे. हुद्दा कालवा निरीक्षक. घर गोरेगावकडच्या एका खेड्यात, पोवार समाजाचं, धानाच्या शेतीचं. बायको, मुलगा आणि म्हातारी आई तिकडे. दर पंधरा दिवसांनी एसटीनं जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. आपण इथं किती वर्षं एकटे राहतो, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी त्यांचं सेवापुस्तक बघितलं तेव्हा कळलं, सव्वीस.

काहीही विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "पाहून सांगतो." उद्या पाणी सोडायचं का, पाहून सांगतो. चहा घेणार का, पाहून सांगतो. त्या भागात दोन माणसं भेटली की आधी सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी निघते. रहांगडाल्यांकडे पुडी नसे. शर्टाच्या खिशात लवंगा असत, आणि त्याही ते कुणाला देऊ करत नसत. माणूस रुक्ष आहे, असं माझं मत पहिल्या महिन्यातच होऊन गेलं.

ते बदललं फुटबॉलमुळे, म्हणजे मंडलदांमुळे.

कालव्याच्या खालच्या अंगाला बंगाली कॅम्प आहे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथं जमिनी देऊन वसवलं. त्यांची नातवंडं आता तिथं धान लावतात आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली झाडीबोली बोलतात. नित्यानंद मंडल हे रहांगडाल्यांच्याच वयाचे. आईच्या कडेवर इथं आलेले. पहाटे धरणात मासे धरायचे, दिवसा शेत करायचे. शेत कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथं पाणी सगळ्यांत उशिरा पोचतं. सकाळी सायकलवर टोपली बांधून ते वसाहतीत मासे विकायला येत, आणि टोपली रिकामी झाली तरी कार्यालयाच्या पायरीवरून उठत नसत.

दर वर्ल्ड कपला कॅम्पात घरोघरी झेंडे लागतात. अर्धे ब्राझीलचे, अर्धे अर्जेंटिनाचे. मंडलदा ब्राझीलचे, आणि नुसते ब्राझीलचे नव्हे, तर एखाद्यानं कुलदैवताचं असावं तसे. जर्मनीचा झेंडा अख्ख्या तालुक्यात कुठं नव्हता. जर्मनीचा माणूस मात्र एक होता.

तो कसा झाला, हे मला मंडलदांनीच सांगितलं. जपानात वर्ल्ड कपची फायनल झाली, ब्राझील आणि जर्मनीची. आपल्याकडे ती दुपारी उशिरा दिसली. त्या वेळी वसाहतीच्या क्लबात टीव्ही होता. कॅम्पातले साठ-सत्तर लोक खिडक्यांना लोंबकळून बघत होते. रहांगडाले टीव्हीची चावी सांभाळायचे, म्हणून बसले होते. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. जर्मनीच्या गोलकीपरनं त्या स्पर्धेत तोवर एकच गोल खाल्ला होता. फायनलला एक साधा फटका त्याच्या हातातून निसटला आणि समोरच्यानं तो आत ढकलला. पुढं आणखी एक गोल झाला. ब्राझील जिंकलं. क्लबात लोक नाचायला लागले, बाहेर फटाके लागले.

"अन् हा बसून," मंडलदा रहांगडाल्यांकडे बोट दाखवत मला सांगत होते. "मी याच्या अंगावर गुलाल टाकला. तर हा टीव्हीकडं बोट करून मले विचारते, तो गोलकीपर खांबाले टेकून बसला हाय, त्याच्याजवळ कोनी काऊन नाही जाऊन राहिला?"

रहांगडाले शेजारीच वहीत आकडे उतरवत होते. मान वर न करता म्हणाले, "लय वेळ नाही गेला कोनी."

"त्या दिवसापासून हा जर्मनीवाला," मंडलदा म्हणाले. "हरलेल्याच्या गाडीत बसला लेकाचा."

त्यानंतर दोघांची दोस्ती झाली ती भांडणावरच. जर्मनीची किंवा ब्राझीलची मॅच असली की दोघं एकत्र बघत. क्लबातला टीव्ही पुढं बिघडला, तेव्हापासून मंडलदांच्या घरी. त्यांच्या पत्नी मालतीवहिनी मुरमुऱ्यांना मोहरीचं तेल आणि कांदा लावून मोठ्या परातीत मधे ठेवत. दोन-तीनदा मीही गेलो. मंडलदा मॅच बघताना खुर्चीत टेकत नसत. पिवळा शर्ट चेंडू घेऊन निघाला की यांचे हात, खांदे, भुवया त्याच्याबरोबर निघत. रहांगडाले मागच्या भिंतीला पाठ लावून बसत, आणि चेंडू एका बाजूला असताना यांचे डोळे भलतीकडेच असत. मी विचारलं तर म्हणाले, "बॉल तर सारेच पायतात साहेब. बाकीचे दहा जन कोठी उभे हायेत, ते मी पायतो."

वाद कायम एकच. रहांगडाले म्हणत, "तुह्या ब्राझीलच्या मानसाले बॉल भेटला का तो त्याच्यासंगं खेलतच बसते. त्याले घरी जायाचं हाय का नाही?"

मंडलदा म्हणत, "अन् तुझा जर्मनी खेळतच नाही. ड्युटी करते."

ही शिवी आहे असं मंडलदांना वाटे. रहांगडाले मात्र समाधानानं मान हलवत. आत वहिनी हसत. त्यांचा एक प्रश्न असे, तो त्या दर मॅचला विचारत, "आज कोन रागावून जेवनार नाही, ते आताच सांगा. त्या हिशोबानं भात टाकते."

एकदा धान कापून झाल्यावर कॅम्पाजवळच्या कोरड्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सामना ठरला, कॅम्प विरुद्ध कालवा खातं. आमच्याकडे अकरा माणसं जमेनात म्हणून गोलात रहांगडाल्यांना उभं केलं. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात काही नाही, वय पन्नाशीजवळ. सामन्यात आम्ही मार खाल्ला, ते जाऊ द्या. शेवटी कॅम्पाला पेनल्टी मिळाली आणि ती घ्यायला मंडलदा पुढं आले. आले ते नाचतच. दोन पावलं पुढं, एक मागं, कमरेतून डावीकडे लचकले, खांदा उजवीकडे टाकला. सगळी बांधी हसत होती. रहांगडाले दोन्ही हात खाली सोडून गोलाच्या मधोमध उभे होते, एसटीची वाट बघत उभे राहावं तसे. मंडलदांनी चेंडू मारला तो सरळ यांच्या छातीवर आला आणि यांनी तो कवटाळला.

मंडलदा जवळ येऊन म्हणाले, "तू हालला काऊन नाही?"

"तू नाचशील ते मले मालूम होतं. नाचनाऱ्याच्या मांगं मी कायले पलू?"

त्या दिवशी मी रहांगडाल्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. मंडलदा त्यांच्या गळ्यात हात टाकून त्यांना घरी घेऊन गेले.

मी तिथं गेल्यानंतरच्या वर्ल्ड कपला, तो ब्राझीलमध्येच होता, सेमीफायनलला या दोन देशांची गाठ पडली. दोघं आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हते. मॅच आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर होती. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळीच लाइन गेली ती आलीच नाही. कॅम्पातही नाही, वसाहतीतही नाही. बॅटरीवरचा रेडिओही कुणाकडे नव्हता. सगळे झोपले.

सकाळी रहांगडाल्यांना मुलाचा फोन आला. तो तेव्हा नागपूरला शिकत होता. त्यानं सांगितलं, जर्मनी सात, ब्राझील एक.

कार्यालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. त्यावर रोजची पाण्याची पातळी खडूनं लिहायचं काम रहांगडाल्यांचं. सव्वीस-सत्तावीस वर्षांत त्या फळ्यावर त्यांनी पाण्याशिवाय एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या सकाळी त्यांनी पातळी लिहिली, तिच्याखाली पट्टी धरून एक रेघ मारली, आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "जर्मनी ७, ब्राझील १." मग आम्हाला एकेकाला हाक मारून ते दाखवलं. मजूर, चौकीदार, जीपचा ड्रायव्हर, मी, सगळे जमलो. हा माणूस इतका खूश होऊ शकतो हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे आम्ही त्यांच्यापेक्षा जास्त हसत होतो.

तेवढ्यात मंडलदांची सायकल आली. टोपली नव्हती. ते इतक्या सकाळी टोपलीशिवाय का आले, हे कुणी मनात आणलं नाही.

"ये मंडल," रहांगडाले म्हणाले. "वाच. का चष्मा आनू?"

सगळे हसले. हसणाऱ्यांत मी होतो.

मंडलदांनी फळ्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. मग बाजूला उभ्या असलेल्या जीपकडे. त्यांचे ओठ काहीतरी बोलायला हलल्यासारखे मला वाटले. मग त्यांनी सायकल वळवली आणि ते निघून गेले.

"रागावला," ड्रायव्हर म्हणाला.

"येईल दुपारी," रहांगडाले म्हणाले. "त्याच्यासाठी ठेवतो तसंच." आणि त्यांनी फळा पुसला नाही.

दुपारी कॅम्पातला एक माणूस टपाल द्यायला आला, तेव्हा कळलं. मालतीवहिनी पहाटे अंगणात पडल्या होत्या. डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं. कॅम्पात फोनला रेंज नव्हती. मंडलदा जीप मागायला आले होते. परत गेल्यावर त्यांनी दुधाची गाडी येईपर्यंत वाट बघितली, तिच्यातून अर्जुनीला नेलं, तिथून पुढं गोंदियाला. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं.

रहांगडाल्यांनी हे उभ्यानं ऐकलं. टपाल घेतल्याची सही केली. मग बाहेर जाऊन फळा पुसला, ओल्या फडक्यानं पुन्हा पुसला, आणि पाण्याची पातळी नव्यानं लिहिली.

वहिनी वाचल्या. पण डावं अंग गेलं आणि बोलणं अस्पष्ट झालं. पंधरा दिवसांनी त्यांना घरी आणलं, तेव्हा रहांगडाले भेटायला गेले. मी बरोबर येतो म्हणालो तर नको म्हणाले. संध्याकाळी परत आले आणि माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"मंडल भायेर आला नाही," ते म्हणाले. "घरात होता. वहिनी दाराजवळ खाटेवर होती. तिनं मले पायलं अन् काहीतरी म्हटलं. दोनदा म्हटलं. मले नाही समजलं साहेब. तिसऱ्यांदा विचारासाठी तोंड नाही झालं. मी 'हो' म्हटलं अन् निंगालो."

त्यानंतर मंडलदा वसाहतीत मासे घेऊन आले नाहीत. दुसरा एक माणूस यायला लागला. रस्त्यात गाठ पडली तर मंडलदा मला नमस्कार करत, विचारपूस करत. रहांगडाले समोरून आले तर सायकलवरून न उतरता पुढं जात. भांडण नाही, शब्द नाही. कॅम्पातले दोघंतिघं मधे पडायला बघत होते; रहांगडाल्यांनीच त्यांना थांबवलं. म्हणाले, "त्याले वाटल तवा बोलल. जबरदस्ती नोको."

उन्हाळी धानाला पाणी सुटलं की प्रत्येक शेताची पाळी ठरलेली असते. मंडलदांचं शेत शेवटी, त्यामुळे त्यांच्या पाळीचं पाणी वाटेतले लोक दगड-माती टाकून आपल्याकडे वळवून घेत. दर वर्षीचं रडगाणं ते. मला वाटलं, रहांगडाले आता मंडलदांना एखादी पाळी जास्तीची देतील. कुणी काही म्हटलं नसतं. मी तसं आडून सुचवलंही.

"त्याचं पानी त्याच्या पारीनंच भेटल," ते म्हणाले. "जास्तीचं देऊन मी त्याले काय सांगू, का हे कायचं हाय?"

मात्र त्या वर्षापासून मंडलदांच्या पाळीच्या दिवशी रहांगडाले पहाटे निघत. सायकल हातात धरून आठ-नऊ किलोमीटर कालव्याच्या काठानं पायी चालत. जिथं कुणी दगड टाकला असेल तिथं पाण्यात उतरून तो काढत. ज्याचा दगड असेल तो वरून शिव्या देई. हे उत्तर देत नसत. पाणी मंडलदांच्या बांधीत पडायला लागलं की थोडं अलीकडे पळसाच्या झाडाखाली थांबत. बांधी भरेपर्यंत तिथंच. एकदा मी मोटरसायकलनं तिकडे गेलो होतो. पळसाखाली रहांगडाले उभे होते, पँट मांडीपर्यंत भिजलेली. समोर, हाक मारली तर सहज ऐकू जाईल इतक्या अंतरावर, मंडलदा फावडं घेऊन बांध नीट करत होते. दोघांनाही दुसरा तिथं आहे हे माहीत होतं. पाणी भरलं. मंडलदांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि घराकडे गेले. मग रहांगडाले सायकलवर बसले. हे पाच उन्हाळे चाललं.

मधे आणखी एक वर्ल्ड कप येऊन गेला. रहांगडाल्यांनी त्यासाठी एक लहान टीव्ही घेतला होता. खोलीत एकटे बघत. मी एकदा डोकावलो, तर भिंतीला पाठ लावून तसेच बसले होते. समोर पितळेच्या ताटात मुरमुरे, त्यांना हात लावलेला नव्हता. त्या वर्षी जर्मनी पहिल्याच फेरीत कोरियाकडून हरून बाहेर पडली. अख्ख्या जगाला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात आलो, तर फळ्यावर पाण्याच्या पातळीखाली रेघ मारलेली होती, आणि तिच्याखाली त्याच वळणदार अक्षरात, "कोरिया २, जर्मनी ०."

रहांगडाले रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसले होते. कॅम्पातून येणारी प्रत्येक सायकल बघत होते. मंडलदांनी यावं, फळा वाचावा आणि मनसोक्त हसावं, चार लोकांसमोर, मोठ्यानं, एवढीच त्यांची इच्छा होती हे मला कळत होतं. मंडलदा त्या रस्त्यानं त्या दिवशी आले नाहीत. संध्याकाळी वाऱ्यानं खडू फिका झाला होता, तरी त्यांनी फळा पुसला नाही. तिसऱ्या दिवशी पावसानं पुसला.

पुढच्या वर्षी मालतीवहिनी गेल्या. निरोप आला तेव्हा रहांगडाले कालव्यावर होते. तसेच मातीच्या पायांनी निघाले. या वेळी मी बरोबर गेलो. नाल्याच्या काठी सरण रचलं होतं. आम्ही गर्दीच्या मागं उभे राहिलो. बाहेरगावाहून आलेल्या मंडलदांच्या मुलानं अग्नी दिला. लोक हळूहळू निघायला लागले. रहांगडाले जागचे हलेनात.

मंडलदा आमच्याकडे चालत आले. मी चार पावलं बाजूला झालो, तरी मला ऐकू येत होतं. पाच वर्षांनी ते पहिल्यांदा बोलत होते, आणि आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"त्या दिवशी जीप मागितली असती तर तू दिली असती. मले मालूम होतं."

रहांगडाल्यांनी सरणाकडे बघितलं.

"मीच मागितली नाही. ते वाचलं अन् मले राग आला. घरी ती पडून हाय, अन् मले खेळाचा राग आला. हे मी तिले पाच वर्षं नाही सांगितलं. तुले सांगून राहिलो."

रहांगडाल्यांनी हात पुढं केला, मंडलदांच्या खांद्याच्या दिशेनं, आणि तो मधेच थांबला. मंडलदांनी तो धरला. दोघं बराच वेळ तसे उभे होते. माफी कुणी मागितली नाही. मागण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

मला वाटलं होतं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. झालं नाही. दोघं भेटत, पायरीवर बसत, धानाच्या रोगाबद्दल बोलत. फुटबॉलबद्दल नाही. आणि वर्षभरातच मंडलदांच्या मुलीनं त्यांना आपल्याकडे बंगालात नेलं. एकटं राहू देईना. जाताना ते कार्यालयात सगळ्यांना भेटले. रहांगडाल्यांनी त्यांची ट्रंक सायकलला बांधून स्टेशनापर्यंत नेली. त्याच वर्षी माझी बदली गोंदियाला झाली, आणि रहांगडाले निवृत्त होऊन गावी गेले.

त्यानंतर त्यांना मी एकदाच भेटलो. मागच्या वर्ल्ड कपचे, डिसेंबरचे दिवस. गोरेगावला माझं काम होतं, ते लांबलं, आणि त्यांनी फोनवर सांगितलं, मुक्कामाला या. घर मोठं होतं आणि त्यात ते एकटे होते. आई गेली होती. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला बाळ झालं म्हणून बायको तिकडे गेलेली. ती कधी परत येणार असं विचारलं तर म्हणाले, "पाहून सांगतो."

तुम्हाला कधी तिकडे बोलावत नाहीत का, असं मी विचारलं.

"बलावतात. पोरगा रोज म्हनते. गेलतो एकदा, सातव्या माल्यावर हाय त्याचं घर. खिडकीतून पायलं तर खाली मानसं दिसतात, पर कोन कुठी चालला काही समजत नाही." मग म्हणाले, "इथी निदान बांधी हाय."

स्वयंपाक त्यांनीच केला. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. माझ्या ताटात वाढताना दोनदा विचारत, आणि तिसऱ्यांदा न विचारता वाढत. जेवण झाल्यावर टीव्ही लावला. जर्मनी त्या वेळीही पहिल्याच फेरीत गेली होती. त्या रात्री ब्राझील आणि क्रोएशियाची क्वार्टरफायनल होती.

"तुमची टीम तर गेली," मी म्हणालो.

"हे मंडलची हाय ना."

दिवसभराच्या धावपळीनं मी दमलो होतो; गोल काही होत नव्हता. अर्धी मॅच व्हायच्या आत मी खाटेवरच झोपलो. त्याआधी एक गोष्ट बघितली. ते भिंतीला टेकून बसले नव्हते. टीव्हीजवळ, खुर्चीच्या टोकाला बसले होते, आणि पिवळा शर्ट चेंडू घेऊन निघाला की त्यांची मान त्याच्याबरोबर जात होती.

सकाळी उठलो तर ते अंगणात होते. चूल पेटलेली, चहा ठेवलेला. मी विचारलं, काय झालं?

"हारला. पेनल्टीवर." चहा गाळून माझ्या हातात दिला. "गोल पयले यायनंच केला होता. आता टाइम काढाचा, मांगं उभं राहाचं, एवढंच काम होतं. नाही जमत त्यायले. पुढंच गेले सारे." यात ब्राझीलवर टीका होती, पण आवाजात ती नव्हती.

"मंडलदांना फोन केला?"

"रात्रीच घेतला होता हातात. मंग ठेवून देला. हारल्या हारल्या मानसाले काही बोलू नये. त्याले रात्रभर एकटं राहू द्याले पायजे." त्यांनी स्वतःचा चहा घेतला नव्हता. "उठत असल आता. तो पयले पहाटे उठे, मासे धराले जाचं म्हनून. तिथी मासे नाही. तो उशिरा उठते, असं त्याची पोरगी म्हनते."

"बोलता का नेहमी?"

"मी लावतो. कधी उचलते, कधी नाही उचलत. ऐकू कमी येते आता त्याले."

मला निघायचं होतं. मोटरसायकलला किक मारली तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "किती वाजले साहेब?"

"सव्वासात."

त्यांनी थोडा विचार केला. "आठ वाजू देतो," ते म्हणाले.

गल्लीच्या वळणावर मी मागं बघितलं. ते अंगणात परत गेले होते आणि खाटेवर, अगदी कडेला, पाठ सरळ ठेवून बसले होते. फोन दोन्ही हातांत धरला होता.